पाळीच्या पहिल्या दिवसाची कळ: किती सोसावी आणि तपासणी कधी करावी?

अबोली

नमस्कार. माझी लेक १४ वर्षांची असून नववीत शिकते. तिला साडेबाराव्या वर्षी पाळी आली. पहिले वर्षभर पाळी कधी दीड महिन्याने, तर कधी तीन आठवड्यांनी यायची, पण पोट मुळीच दुखत नसे. गेल्या ८-९ महिन्यांपासून पाळी नियमित झाली आणि दुखणेही तिच्यासोबतच आले. पहिल्या दिवशी सकाळी ओटीपोटात अशी कळ येते की ती न्हाणीघराच्या फरशीवर भिंतीला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसते. कंबर भरून येते, मांड्या ओढतात, एक-दोनदा उलटी होते आणि शौचालाही पातळ होते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सारे ओसरते, तेव्हा ती उठून जेवते आणि नेहमीसारखी अभ्यासाला बसते.

मागच्या महिन्यात तिची सहामाहीची गणिताची परीक्षा नेमकी पहिल्या दिवशी आली. अर्धा पेपर सोडून ती घरी आली आणि दारातच रडू लागली. मी तिला पाळीच्या दुखण्याची एक गोळी दिली, परंतु तिचा फारसा उपयोग झाला नाही. सासूबाईंचा गोळीला विरोध आहे. गोळ्यांनी गर्भपिशवी खराब होते आणि पुढे मूल राहायला अडचण येते, असे त्यांना मनापासून वाटते. आपण सर्वांनी हे सोसले आहे आणि एक मूल झाले की ते आपोआप थांबते, असेही त्या सांगतात. त्यांच्या बोलण्यात मायाच आहे, पण लेकीला असे बसलेले पाहून मला राहवत नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. एवढे दुखणे स्वाभाविक आहे का? गोळी दिली तर पुढे काही अपाय होतो का? आणि डॉक्टरांकडे नेमके कधी जावे? माझे वय ४२ आहे. मुलीच्या वयात मलाही दुखायचे आणि बाळंतपणानंतर ते थांबले. दोन वर्षांपासून ते पुन्हा सुरू झाले आहे, पण ते वयाचे असेल. आत्ता प्रश्न लेकीचा आहे.

पारिजात

अबोलीताई, मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून २२ वर्षे काम करते. न तपासता निदान करता येत नाही, हे आधीच सांगते. मात्र तुम्ही लिहिलेला क्रम, म्हणजे पहिले वर्ष न दुखता जाणे, पाळी नियमित होताच दुखणे सुरू होणे आणि दीड दिवसात ते ओसरणे, हा ज्याला आम्ही प्राथमिक स्वरूपाचे, म्हणजे दुसऱ्या कोणत्या आजारामुळे नसलेले, पाळीचे दुखणे म्हणतो त्याचा अगदी नेहमीचा क्रम आहे. सुरुवातीच्या काळात बहुतेक मुलींच्या बीजांडकोषातून दर महिन्याला बीज सुटत नाही. बीज सुटू लागले की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होते. पाळीच्या तोंडावर त्याची पातळी एकदम घसरते, तेव्हा गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये मोठ्या प्रमाणात सुटतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू पिळवटतो, त्यातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि स्नायूला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. कळ येते ती त्यामुळे. हीच द्रव्ये आतड्यांवरही परिणाम करतात, म्हणून पातळ शौचाला होते, मळमळते आणि डोके दुखते. ज्या मुलींना जास्त दुखते त्यांच्या स्रावात ही द्रव्ये जास्त आढळतात. मुलगी नाजूक आहे किंवा उगाच बाऊ करते, असे मानायला त्यामुळे काहीच आधार उरत नाही.

या द्रव्यांना नाव मिळाले ते १९३०च्या दशकात. ती पहिल्यांदा वीर्यात सापडल्यामुळे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीवरून त्यांना हे नाव पडले. पाळीच्या स्रावात स्नायू आकुंचित करणारे द्रव्य असते, हे पिकल्स नावाच्या संशोधकाने १९५७ साली दाखवले. ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची क्रियाच रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली सिद्ध केले आणि १९८२ साली त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की तुमच्या लेकीला गोळी का लागू पडली नाही, याचे उत्तर त्यातच आहे. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे नवी द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, परंतु जी आधीच सुटली आहेत ती त्यांना परत घेता येत नाहीत. मुलगी फरशीवर बसल्यावर दिलेली गोळी उशिरा पोहोचते, आणि उलटी होत असेल तर ती पोटात टिकतही नाही. ओटीपोट जड वाटू लागताच किंवा पहिला डाग दिसताच, चार घास खाऊन गोळी घ्यावी आणि पुढचे एक ते दोन दिवस, दुखो वा न दुखो, सांगितलेल्या अंतराने घेत राहावे. मुलीची मात्रा तिच्या वजनावरून डॉक्टरांकडून एकदा ठरवून घ्यावी.

या गोळ्यांनी गर्भाशय खराब होत नाही. महिन्यातून दोन-तीन दिवस घेतल्याने पुढे मूल राहण्यात अडचण येत नाही आणि सवयही लागत नाही. सासूबाईंना हे माझ्या वतीने जरूर सांगा. ज्यांना पोटात व्रण आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा अशा गोळीने दमा उसळतो, त्यांनी मात्र त्या टाळाव्यात. डेंग्यूची शंका असलेल्या तापातही त्या घेऊ नयेत. केमिस्टकडे ‘पाळीची गोळी’ म्हणून जी सर्रास मिळते तिच्यात बहुधा २५० मिलिग्रॅम मेफेनॅमिक ॲसिड आणि १० मिलिग्रॅम डायसायक्लोमिन हे पेटके सैल करणारे औषध असते. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित ड्रेस नावाची तीव्र ॲलर्जी उद्भवू शकते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला होता. औषध सुरू केल्यानंतर काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ किंवा गाठी सुजणे दिसले तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

डॉक्टरांकडे कधी जावे याचे उत्तर असे आहे. वेळेवर आणि योग्य मात्रेत गोळी घेऊनही तीन पाळ्यांत फरक पडला नाही तर जावे. दुखणे महिन्यागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, पाळीत शौचाला किंवा लघवीला जाताना कळ येत असेल, शरीरसंबंध दुखत असतील, दर तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल किंवा पाळी सात दिवसांहून अधिक चालत असेल, तर तीन महिनेही थांबू नये.

आणि ताई, तुमचे स्वतःचे दुखणे तुम्ही एका वाक्यात आटोपले आहे. बाळंतपणानंतर थांबलेले दुखणे चाळिशीत पुन्हा सुरू होणे, हे वयाचे म्हणून सोडून द्यायचे नसते.

कोरांटी

तपासायला कधी जावे याबद्दल डॉक्टरांनी जे लिहिले आहे ते मला सोळाव्या वर्षी कोणी सांगितले असते तर माझी नऊ वर्षे वाचली असती, म्हणून माझा अनुभव लिहिते. माझे दुखणे पाळीच्या दोन दिवस आधी सुरू व्हायचे आणि पाळी संपल्यावरही आठवडाभर राहायचे. पाळीत शौचाला बसले की गुदद्वारात सुरी फिरावी तशी कळ यायची. ही गोष्ट मी आईलाही सांगितली नव्हती, कारण ती कोणत्या शब्दांत सांगावी हेच मला कळत नव्हते. सोनोग्राफी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा अहवाल ठीक आला. तो अहवाल हातात घेऊन एका डॉक्टरांनी मला सांगितले की लग्न करून टाका, सगळे सुरळीत होईल. लग्न झाले, तेव्हा संबंधही दुखू लागले.

पंचविसाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा मला शौचाविषयी आणि संबंधांविषयी स्वतःहून विचारले. पुढे तपासणीत एंडोमेट्रिओसिस निघाले. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर, बीजांडकोषांवर आणि आतड्याच्या भिंतीवर, रुजली होती. डाव्या बीजांडकोषात जुन्या काळपट रक्ताची गाठ होती, तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढली आणि आता मी डायनोजेस्ट या संप्रेरकाची रोज एक गोळी घेते. दुखणे पूर्ण गेलेले नाही, पण महिन्यातले वीस दिवस माझे स्वतःचे आहेत. जगभरात प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्या वर्गात साठ मुली होत्या. बाकीच्या कोण असतील, याचा विचार मी अजूनही करते.

पारिजात

कोरांटीताईंच्या सोनोग्राफीबद्दल एक खुलासा केला पाहिजे. लहान, विखुरलेला एंडोमेट्रिओसिस साध्या सोनोग्राफीत दिसत नाही. अहवाल ठीक आला म्हणजे आजार नाही असा अर्थ कोणी काढू नये, डॉक्टरांनी तर मुळीच काढू नये. पूर्वी दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय निदान पक्के मानत नसत. २०२२ साली आलेल्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी ही अट सैल केली आहे, त्यामुळे लक्षणांवरून औषध सुरू करता येते. आई किंवा बहिणीला हा आजार असल्यास शक्यता वाढते, म्हणून मुलीला घेऊन जाताना घरातल्या स्त्रियांच्या पाळीची माहितीही सोबत न्यावी.

शेवंती

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सातवी-आठवीच्या मुली महिन्यातले ठरावीक दोन दिवस गैरहजर असतात आणि अर्जात ‘ताप’ लिहितात. दोन वर्षांपूर्वी मी शिक्षिका खोलीत एक सतरंजी, रबरी पिशवी आणि पाणी तापवायची किटली ठेवली. मुलगी तासभर शेक घेऊन वर्गात परतते. अर्जांत आता ‘पोट दुखते’ असे लिहिलेले असते. मुख्याध्यापक पुरुष आहेत, तेही ते अर्ज वाचून सही करतात.

अबोली

डॉक्टर, मनापासून आभार. सासूबाई ओवा आणि गुळाचे पाणी देतात आणि पोटावर शेक द्यायला सांगतात. त्याचा कितपत उपयोग होतो? आणि व्यायाम बंद ठेवावा का? शाळेत कबड्डीचा सराव असतो.

पारिजात

शेकाच्या बाबतीत तुमच्या सासूबाई अगदी बरोबर आहेत. सुमारे ३९-४० अंशांची सलग ऊब ओटीपोटावर ठेवल्यास आयब्युप्रोफेनइतका आराम मिळाल्याचे अभ्यासांत दिसले आहे, आणि दोन्ही एकत्र वापरता येतात. मात्र पिशवीवर जाड सुती कापड गुंडाळावे. माझ्याकडे येणाऱ्या काही मुलींच्या पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग असतात. ते तासन्‌तास घेतलेल्या कडक शेकाचे असतात आणि जायला महिने लागतात. आल्याचा थोडा उपयोग होतो असे लहान अभ्यास सांगतात. ओव्याच्या पाण्याने पोटातला वात सरतो आणि बरे वाटते, तर जरूर द्यावे, पण त्यामुळे गोळी लांबवू नये. कबड्डी सुरू ठेवा. आठवड्यातून तीनदा पाऊण तास घाम येईल असा व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे काही महिन्यांत कमी होते. पहिल्या दिवशी खेळावेसे वाटले नाही तर तिने बसून राहावे, ती मोकळीक तिला असावी.

गोळ्यांनी भागले नाही तर संप्रेरकांच्या, म्हणजे गर्भनिरोधक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळ्या हा पुढचा उपाय आहे. त्यांचे नाव काढताच आई-वडील दचकतात. त्या बीज सुटू देत नाहीत आणि अस्तर पातळ ठेवतात, म्हणून द्रव्येच कमी तयार होतात. एवढ्यासाठीच त्या दिल्या जातात. सरकारी केंद्रात विनामूल्य मिळणारी माला-एन ही त्याच प्रकारची गोळी आहे, पण अर्धशिशीत ज्यांच्या डोळ्यांपुढे चमकते किंवा ज्यांना रक्ताची गुठळी झालेली आहे अशा स्त्रियांना ती चालत नाही, म्हणून विचारल्याशिवाय सुरू करू नये.

अंबाडी

मी बीड जिल्ह्यातली आहे आणि वस्तीवर आरोग्याचे काम करते. हा धागा मी दोनदा वाचला आणि मला राहवले नाही. ‘वेळेवर गोळी, शेक, विश्रांती’ हे वाचताना आमच्या ऊसतोडीच्या बायका डोळ्यांपुढे आल्या. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन जोडपे कारखान्यावर जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एक दिवस काम चुकले की खाडा आणि खाड्याचे पाचशे रुपये कापले जातात. पहाटे चारला फडात उतरायचे, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरायची, पालावर न्हाणीघर नाही, कापड वाळवायला आडोसा नाही. पहिल्या दिवशी कळ आली म्हणून बसून कोण राहील?

मग पोटाचे दुखणे, अंगावरून जाणे, कंबरदुखी हे सारे साठत जाते. बाई गावी परतल्यावर दवाखान्यात जाते आणि तिथे तिला सांगितले जाते की पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. दोन-तीन लेकरे झालेली असतात. पिशवी गेली की पाळीची कटकट जाईल आणि खाडाही पडणार नाही, म्हणून ती तयार होते. २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत तिशी-पस्तिशीतल्या बायका आहेत. आमच्या वस्तीवरची एक बाई २८ वर्षांची होती. शस्त्रक्रियेसाठी काढलेले कर्ज फेडायला ती पुढच्या हंगामात पुन्हा फडावर गेली. आता तिचे गुडघे आणि पाठ दुखते, रात्री अंगातून वाफा निघतात, आणि मोळी उचलताना ती मध्येच खाली बसते.

समितीनंतर आमच्या जिल्ह्यात खाजगी दवाखान्याला अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते, त्याने काही फरक पडला आहे. परंतु ज्या पहिल्या दुखण्यापासून हे सुरू होते त्यावर फडात काय करायचे, हे कोणी सांगत नाही. मी आता हंगामाला निघणाऱ्या प्रत्येक बाईच्या पिशवीत गोळ्यांची एक पट्टी आणि लोहाच्या गोळ्या देते, आणि कळ यायच्या आधी भाकरी खाऊन गोळी घ्यायची हे तीनदा म्हणवून घेते. डॉक्टर, यात काही चुकत असेल तर सांगा.

पारिजात

अंबाडीताई, तुमचे काहीही चुकत नाही. एकच गोष्ट जोडा. उन्हात दिवसभर पाणी न पिता या गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो, तेव्हा गोळीबरोबर पाण्याची बाटलीही बाईजवळ असायला हवी. आडोसा नाही म्हणून बायका पाणी पीत नाहीत, हे मला ठाऊक आहे, आणि त्याला माझ्या चिठ्ठीवर औषध नाही.

अंगावरून पांढरे जाणे आणि ओटीपोटाची सूज हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तो प्रतिजैविकांनी बरा होतो. त्यासाठी गर्भाशय काढण्याचे काहीही कारण नाही. बीजांडकोषही काढले असतील तर पाळी थांबण्याचे वय १५-२० वर्षांनी अलीकडे येते, हाडे झिजतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. तुम्ही लिहिलेल्या बाईच्या अंगातल्या वाफा त्यामुळेच असाव्यात. तिला जिल्हा रुग्णालयात पाठवा. संप्रेरके आणि कॅल्शियम सुरू करण्याचे वय अजून गेलेले नाही.

अबोली, साडेतीन महिन्यांनंतर

उशिरा लिहीत आहे, पण आधी तीन पाळ्या पाहायच्या होत्या. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब लिहिलेला असतो. त्याच चौकटींच्या कोपऱ्यात मी लेकीला दुखण्याचा आकडा लिहायला सांगितले, शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे न्हाणीघराची फरशी. पहिल्या महिन्यात गोळी तासभर उशिरा घेतली, तेव्हा तिने सात लिहिले. दुसऱ्या महिन्यात आदल्या रात्रीच ओटीपोट जड झाले असताना दूधभात खाऊन गोळी घेतली आणि सकाळी तीन लिहिले. या महिन्यात दोन. त्या दिवशी ती शाळेतही गेली. शेकाची पिशवी सासूबाई स्वतः भरतात आणि गोळीची वेळही त्याच लक्षात ठेवतात.

हे आकडे पाहताना मला वाटले की आपलेही लिहावेत. मी लाल पेनाने लिहू लागले आणि पहिल्याच महिन्यात सलग पाच दिवस सहा-सात असे आकडे पडले. रात्री दोन पॅड एकावर एक लावून झोपावे लागते, गाठी जातात, जिना चढताना धाप लागते. हे सगळे दोन वर्षे चालू होते आणि मी कुठेच नोंदले नव्हते. डॉक्टर, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात मला हटकले होते आणि मी त्याचे उत्तर दिले नव्हते. गेल्या मंगळवारी तपासून आले. हिमोग्लोबिन ९.२ आहे. सोनोग्राफीत गर्भाशय मोठे झालेले असून त्याच्या भिंतीतच अस्तर शिरले आहे, त्याला ॲडेनोमायोसिस म्हणतात. एका ओळखीच्या बाईंनी लगेच सुचवले की पिशवी काढून मोकळी हो. अंबाडीताईंचे लिहिणे वाचलेले असल्यामुळे मी घाई केली नाही. आमच्या डॉक्टरांनी गर्भाशयात बसवायचे, संप्रेरक सोडणारे यंत्र सुचवले आहे आणि लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. यंत्र केव्हा बसवावे आणि लोहाची गोळी कशी घ्यावी, एवढे सांगाल का? गोळीने मला मळमळते.

पारिजात

ताई, वेळेत गेलात, बरे झाले. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत यंत्र बसवून घ्यावे. बसवताना पाळीसारखी कळ येते, म्हणून तासभर आधी लेकीचीच गोळी खाऊन जा. पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग दिसतील, त्याला घाबरून यंत्र काढायला लावू नका. त्यानंतर स्राव खूप कमी होतो आणि दुखणेही उतरते. ते पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालते. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, मध्ये निदान तासाभराचे अंतर ठेवावे आणि लिंबूपाण्यासोबत घ्यावी. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर किंवा एक दिवसाआड घेऊन पाहा. शौचाचा रंग काळा होईल, तो गोळीचा असतो. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासा आणि तोपर्यंत लाल पेनाचे आकडे लिहीत राहा. पुढच्या तपासणीला कालनिर्णयाची ती पानेच सोबत न्या.